पलीकडचा चौथा माग

विट्यात, मोठ्या रस्त्यावरून आत, तिसऱ्या गल्लीला,
छपराला करवतीचे दाते असलेली ही शेड.
तिचा एक खण मी सात हजारांनी घेतला,
अनामत वेगळी.
माग विकले गेले किलोवर,
त्यांचे पाय तेवढे राहिलेत:
फरशीत बोल्टांची भोकं, मागाला चार,
माझ्या वाट्याला शहाण्णव. मोजलीत मी.
सिमेंटनं बुजवलीत, तरी मे महिन्यात
तेल वर येतं.
माझी गादी दोन ओळींमधल्या वाटेत,
शेगडी जिथं बीम उतरवायचे तिथं.

मी पुस्तकं वाचते, माइकपुढं,
ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी,
आणि ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी.
मला शांतता लागते.
विट्यात शांतता मागणं म्हणजे
पिठाच्या गिरणीत काळा सदरा घालून जाणं.

शेजारच्या खणात तौफिक मुजावर चपलांचे नमुने काढतो,
त्याच्या पुढच्यात एक जोडपं, तीन कॅमेरे, रोजचं भांडण.
मालकाच्या नातवानं दारावर पाटी लावलीय:
राहा इथंच, काम करा इथंच.

पाटी वाचून बाबासो दिवटे हसले.
एकतीस वर्षं इथले जॉबर,
आता किल्ल्या सांभाळतात आणि पाण्याची मोटर.
मोठ्यानं हसतात, स्वतःचं हसू ऐकू येत नाही म्हणून.
माझं बोलणं माझ्या ओठांवरून उचलतात.
‘ह्यात नवं काय काढलंय गं?
आमच्या घरात खड्डामाग. आई चुलीपाशी, बाप मागावर,
मधी एक गोणपाट.
मी कांड्यांच्या टोपलीत निजायचो.
पाटी तेवढी लावायची राहिली.’

मी चहा टाकला.
दुसरं काही सुचलं नाही.

मागची भिंत सामाईक.
पलीकडं अजून बारा माग चालतात, दोन्ही पाळ्या.
रात्री अकराला माझ्या कादंबरीतला न्यायाधीश निकाल वाचतो
आणि त्याच्या पाठीमागं
खटाक् खट्, खटाक् खट्,
जणू सगळं कोर्ट पोतं शिवतंय.
भिंतीला तीन रजया ठोकल्या. मग चौथी.
मग नातवाला फोन. तो म्हणाला, वातावरण आहे ते, मॅडम,
त्याचेच पैसे आहेत.

काल बाबासो बल्ब बदलायला आले.
शिडीवर तोल सांभाळायला
दोन रजयांच्या फटीत हात टेकला
आणि तसेच राहिले.
‘चौथा लंगडतोय.’
कोण?
‘पलीकडचा. धोटा उशिरा पोचतोय.
पट्टा सैल असंल. आत्ता सूत तोडंल बघ.’
दाराची बेल ज्यांना ऐकू येत नाही,
मोबाईल ज्यांच्या खिशात नुसताच थरथरतो, ते हे.
मी भिंतीला कान लावला. मला सगळे सारखेच.

उतरले आणि अनवाणीच गेले.

माइक चालू राहिला होता.
पहाटे ऐकलं: न्यायाधीशाचं अर्धं वाक्य,
माझं ‘कोण’,
मग नुसते माग. किती तरी वेळ.
मग त्यातलं काहीतरी गळतं,
दात पडल्यावर जीभ जाते तसा कान तिथं जातो.
कुणीतरी ओरडतं, पाना दे रे, पाना!
आणि बऱ्याच वेळानं
तो परत येऊन ओळीत उभा राहतो.
आता मला कळतो तो. बारांतला चौथा.
एरवी असलं सगळं मी कापून टाकते.

परत कधी आले होते, कळलं नाही; मी झोपले असणार.
फटीतल्या चुन्यावर तेलाची पाच बोटं उमटलीत,
काम बरोबर झालंय का, ते इकडून बघितलेलं.

रजया मी अजून सारल्या नाहीत.
दिवसा उत्तरेच्या काचांमधून बक्कळ उजेड येतो.
रात्रीचं वाचन बंद आहे,
बल्ब त्यांच्या खिशात गेला.